वाटीतली बटणे

आवाज सूनबाईंचा बसला होता, घराचा नव्हे. त्यामुळे वाचन पुढे ढकलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे माईंनी सकाळच्या चहालाच जाहीर केले. घशाच्या डॉक्टरांनी सूनबाईंना आठवडाभर तोंडातून अवाक्षर काढायचे नाही अशी ताकीद दिली होती. संध्याकाळी संपादक शेवटची प्रुफे न्यायला येणार होते, आणि अखेरचे प्रकरण घरात मोठ्याने वाचून झाल्याखेरीज माईंची एकही कादंबरी आजवर छापखान्याची पायरी चढलेली नव्हती. तेव्हा वाचन होणार, आणि ते नात करणार. नातीला घरात सगळे टिकली म्हणत. आवाज बरा होता पोरीचा; श्वास कुठे घ्यावा हे तेवढे अजून समजत नव्हते.

"स्वल्पविरामावर थांबायचं," माईंनी तिला बजावले, "आणि पूर्णविरामाला माणसांकडे बघायचं. कागद कुठे पळून जात नाही. माणसं जातात."

सूनबाई निर्धास्त होत्या. वाचनाची प्रत त्यांनी आदल्या दिवशीच माईंच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर काढून ठेवली होती.

या घरात वाचनाला बटणे लागत. माईंच्या यजमानांचे शिवणाचे दुकान होते. लग्नानंतर माई तिथे काजे करायला बसू लागल्या, आणि हात कामात असताना तोंड रिकामे ठेवणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे गोष्टी सांगू लागल्या. गोष्ट रंगली की कारागीर पायडलवरचे पाय उचलून घेत. गोष्ट ढिली पडली की कुठल्यातरी कोपऱ्यातले एक मशीन खडखडू लागे, मग दुसरे. माईंनी कोणालाही कधी "कशी वाटली" म्हणून विचारले नाही. ज्या वाक्याला मशीन सुरू झाले ते वाक्य दुसऱ्या दिवशी गोष्टीत नसे. पुढे नाव झाले, सत्कार झाले, मुलाखती झाल्या. प्रत्येक मुलाखतीत त्या हेच सांगत आल्या की लिहायला त्यांना कोणी शिकवले नाही, मशीनने शिकवले.

दुकान बंद झाले तेव्हा मशीने विकली गेली आणि बटणांचे डबे घरी आले. त्यानंतरचा नियम असा. ऐकणाऱ्या प्रत्येकाला मूठभर बटणे. ऐकताना ज्याचे मन जिथे उडाले, तिथे त्याने मधल्या स्टीलच्या वाटीत एक बटण टाकायचे. कारण सांगायचे नाही. वाचणाऱ्याने थांबायचे नाही, समासात पेन्सिलीची खूण करून पुढे जायचे. वाचन चालू असताना कोणी उठायचे नाही, बोलायचे नाही. आणि लेखकाच्या हातात बटण नसते. त्याने शेवटपर्यंत तोंड मिटून बसायचे. नियम माईंचेच होते, आणि तो शेवटचा नियम त्यांनी स्वतः कधी मोडलेला नव्हता.

बटणे वाटली गेली. मुलगा दातांचा डॉक्टर. दुपारचे रोगी दुसऱ्या दिवसावर ढकलून आला होता आणि येताना हातांचा लवंगी वास घेऊन आला होता. लेक कॉलेजात साहित्य शिकवी. माईंच्या अलीकडच्या तीन कादंबऱ्यांतल्या मौनावर तिने ग्रंथ लिहिला होता, त्यावर तिला मानाची जागा मिळाली होती, आणि या नव्या कादंबरीबरोबरच त्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघायची होती. भाऊ तिला प्राध्यापक म्हणे. आज त्याने तिच्या ओंजळीत दोन बटणे जास्त टाकली आणि सांगितले की प्राध्यापकांचे लक्ष लवकर उडते. तिने ती दोन त्याच्या खिशात परत घातली.

सूनबाई ट्रे ठेवून आपल्या जागी बसल्या तेव्हा टिकलीने घसा खाकरला होता. तिच्या हातातले कागद लांबलचक होते, कडेला छापखान्याच्या खुणा असलेले. सूनबाईंनी तिवईकडे पाहिले. वाचनाची प्रत होती तिथेच होती. मुलीने आपल्या शहाणपणाने विचार केला होता, की छापायला जाणार ती प्रुफे, तर वाचायचीही तीच.

टिकलीने वाचायला सुरुवात केली:

"भाऊ दुकानात शिरला तेव्हा ती कुणाच्यातरी अगदी साध्या कुलपाची चावी घासत होती. तिनं वर पाहिलं नाही. गिऱ्हाइकांच्या बाकाकडे कानस दाखवली आणि पुन्हा घासायला लागली."

त्याच क्षणी वाटीत मूठभर बटणे एकदम ओतल्याचा आवाज झाला. तो इतका मोठा होता की मुलाच्या हातातला कप हिंदकळला. आजवर या घरात कोणी एका वेळी दोन बटणेसुद्धा टाकली नव्हती. सूनबाईंची मूठ वाटीवर उलटी होती आणि त्या टिकलीकडे एकटक बघत होत्या, डोळ्यांनी थांब, थांब म्हणत. टिकली गोंधळली. पण थांबायचे नाही हा नियम तिला अक्षरओळखीबरोबर शिकवला गेला होता. तिने पेन्सिलीने खूण केली आणि पुढे वाचू लागली.

*

माईंना प्रथम वाटले की टिकलीने पान चुकवले.

त्यांनी सांगितलेले प्रकरण त्यांना पाठ होते. त्याचा आरंभ "रक्ताची ओढ ही मोठी विलक्षण गोष्ट आहे" या वाक्याने होत होता. चाव्या करणारी त्यांची नायिका भावाला दारात पाहते, कानस तिच्या हातून गळून पडते, आणि मग ती बोलते. बापाचे घर ज्याने फसवून आपल्या नावावर केले त्या भावाशी ती तीन पाने बोलते आणि शेवटी त्याला क्षमा करते. ते भाषण माईंनी एका बैठकीत सांगितले होते. सूनबाईंनी ते उतरवून घेतले होते, दुसऱ्या दिवशी परत वाचून दाखवले होते. शब्दाला शब्द.

कित्येक वर्षे असेच चालले होते. माईंना आता समोरच्या माणसाचा आकार कळे, चेहरा कळत नसे. छापील अक्षर तर पार गेले होते. सकाळी त्या सांगत, सूनबाई लिहीत. सूनबाई वाचत, माई ऐकत. आणि पुस्तक एकदा छापून आले की माई ते पुन्हा कधीही वाचून घेत नसत. याबद्दल कोणी नवल केले तर त्या म्हणत की गिऱ्हाइकाने नेलेला कपडा अंगावर कसा बसला हे पाहायला शिंपी त्याच्या घरी जात नाही.

टिकली वाचत होती. भाऊ बाकावर बसला होता. दुकानात दुसरे गिऱ्हाईक आले, त्याची चावी झाली, ते गेले. बहीण बोलत नव्हती. माई वाट पाहत होत्या की ही आता बोलेल. माझी मुलगी आहे ही, हिला मी घडवले, ही बोलल्याशिवाय राहायची नाही. आणि ती बोलत नव्हती, नुसते कानशीचे आवाज येत होते, आणि माईंच्या लक्षात आले की आपण खुर्चीच्या कडेला येऊन बसलो आहोत.

हे आपले नाही, हे त्यांना कळले तो क्षण आणि पुढे काय होते हे ऐकायची हाव सुटली तो क्षण एकच होता. ओरडावेसे वाटले. पण लेखकाने तोंड मिटून बसायचे असते.

*

मुलाला त्यानंतर लगेच कळले, आणि ते साहित्यातले काही समजते म्हणून नव्हे. तो दिवसभर इतरांच्या तोंडात बघणारा माणूस. पुस्तके त्याला झोप येण्यासाठी लागत. पण बाकावर बसलेला तो भाऊ आपल्या अंगठ्याने गुडघ्याची वाटी चोळत होता, पुन्हा पुन्हा, जणू काही तिथे डाग पडला आहे. मुलाने खाली पाहिले. त्याचा स्वतःचा अंगठा गुडघ्यावर होता.

चूक झाली की तो असे करतो, हे जगात फक्त एका माणसाला माहीत होते. आईला ते माहीत असणे शक्य नव्हते. त्याच्या चुका आईपर्यंत पोचण्याआधी बायको निस्तरत आली होती. त्याने तिच्याकडे पाहिले. ती रिकाम्या ओंजळीकडे बघत होती. पहाटे दिवा लावून ती बसे तेव्हा तो कूस बदलताना विचारी, अजून नक्कल चाललीय का, आणि ती हो म्हणे.

*

वाचन संपले. संध्याकाळपर्यंत घासून बहिणीने एक चावी भावाच्या हातावर ठेवली, बापाच्या घराची. तो ती घेऊन रस्त्याला लागला, आणि ती त्या दाराला बसते की नाही हे कळण्याआधीच कादंबरी संपली. टिकलीने कागद मांडीवर ठेवले. त्या पहिल्या आवाजानंतर वाटीत एकही बटण पडले नव्हते.

लेकीने आधी तोंड उघडले. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली की माई, हा तुझ्या सगळ्या लेखनाचा कळस आहे. तीन कादंबऱ्यांपासून तू ज्या मौनाकडे चालली होतीस ते इथे पूर्ण झाले. मग ती वहिनीकडे वळली आणि तिने जरा धारेवर धरूनच विचारले की पहिल्याच वाक्याला असा अपमान करण्याचे कारण काय. ताप चढलाय का.

"तू थांब," माई म्हणाल्या. "हे मी सांगितलेलं नाही."

लेक हसली. तिला वाटले, ही विनयाची एखादी नवी तऱ्हा असेल. मग तिने भावाचा चेहरा पाहिला.

"माझं प्रकरण तीन पानांच्या भाषणाचं आहे," माई म्हणाल्या. "रक्ताच्या ओढीनं सुरू होतं. काल मी ते ऐकलंय. परवा ऐकलंय. टिकले, तुझ्या हातात काय आहे?"

टिकलीने सांगितले की प्रुफे आहेत. आजी, छापायला जायची तीच. समासात दुरुस्त्या आहेत, त्या आईच्या अक्षरात आहेत. पण अक्षर तर नेहमीच आईचे असते.

सूनबाई उठून माईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओठ हलले, हवा बाहेर आली, शब्द आला नाही.

"बोलू नकोस," माई म्हणाल्या. "घसा जाईल कायमचा. आणि मान हलवू नकोस, मला दिसत नाही. बस तिथे. मी विचारते. हो असेल तर वाटीत टाक."

सूनबाईंच्या हातात बटण उरले नव्हते. मुलाने आपली मूठ तिच्या तळहातावर उलटी केली. हे करताना त्याने आईकडे पाहिले नाही, आणि बहिणीला ते दिसले.

"हे तू लिहिलंस?"

टण् असा आवाज झाला.

"मी सांगितलेलं टाकून दिलंस, आणि मला मात्र माझंच वाचून दाखवत राहिलीस?"

पुन्हा बटण पडले.

"मागची कादंबरी. तिचा शेवट."

बटण पडले. माईंना एक जुना प्रसंग आठवत होता. कुठल्याशा समारंभात एका वाचकाने त्यांचा हात हातात घेऊन म्हटले होते की तुमचे ते बंद गिरणीतले प्रकरण वाचून मी नोकरी सोडली. माईंनी कधी बंद गिरणीवर लिहिले नव्हते. त्यांनी त्याचे आभार मानले होते आणि घरी येऊन म्हटले होते की लोक हल्ली कुणाचे पुस्तक कुणाच्या नावावर घालतात. सूनबाईंनी तेव्हा चहा आणला होता.

"तिच्या आधीची? आणि तिच्याही आधीची?"

या वेळी उशीर लागला. मग दोन बटणे पडली, एकामागून एक, वेगळी वेगळी.

लेक उठून उभी राहिली होती.

"वहिनी, नीट आठव," ती म्हणाली. "चुकून टाकलं असशील. एखादं वाक्य बदललं असशील, ते वेगळं. मी चारशे पानं लिहिलीत त्या पुस्तकांवर. वाचनात ऐकलेला शेवट छापून वेगळा यायचा, तो बटणं पडली म्हणून माईनंच बदलला असं मी धरलं. माईच्या मनात काय काय घडत गेलं, ते सगळं मी मांडलंय."

"माझ्या मनात घडलं म्हणून?" माईंनी विचारले.

"मग काय तर. दृष्टी गेल्यावर तू आत वळलीस असं मी लिहिलंय."

"मी कुठेही वळले नव्हते. मी इथेच बसले होते."

भावाला हसू आले आणि ते त्याला आवरता आले नाही. बहीण त्याच्यावर उसळली. तिचे म्हणणे असे की त्याला हे ठाऊक असले पाहिजे. एका खोलीत राहून माणसाला बायको कादंबऱ्या लिहिते हे कळत नाही, असे तो कोणत्या तोंडाने सांगणार. त्याने सांगितले की त्याला खरेच कळले नव्हते, आणि हे सांगताना त्याचे हसू पार विझले. आपल्या अंगठ्यावरही जिने पान लिहिले तिने आपल्याला एक शब्द सांगू नये, हे त्याला तेव्हा कुठे बोचू लागले होते. तरीही तो बायकोच्या बाजूला सरकून बसला. आता पुस्तकावर तिचे नाव असले पाहिजे, तो म्हणाला. लेक म्हणाली की मुळीच नाही, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. माईच्या नावाचे काय होईल याचा तरी विचार करा. टिकलीने हळूच विचारले की आत्या, आजीच्या नावाचे की तुझ्या पुस्तकाच्या. आत्याने तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिले.

माईंनी हात वर केला. खोली गप्प झाली. तेवढा अधिकार अजून शाबूत होता.

"अजून एक विचारायचंय," त्या सूनबाईंना म्हणाल्या. "खरं सांग. माझं नाव काढून तिथं तुझं यावं, असं वाटतं तुला?"

सूनबाईंच्या मुठीत शेवटचे बटण होते. कोटाचे, चार भोकांचे, काळे. ते त्यांना ओळखीचे होते.

या घरात त्या नव्या आल्या तेव्हा त्यांच्या कथा दोन मासिकांत छापून आलेल्या होत्या. माईंची सून व्हायचे याचा त्यांना इतका आनंद झाला होता की आपली नवी कथा त्या वाचनाला घेऊन बसल्या. पहिल्या पानाला बटण पडले. दुसऱ्याला पडले. मग पडतच राहिले. माईंनी त्या वेळी शेवटी एवढेच म्हटले होते की हात चांगला आहे, धीर नाही. कथा संपली तेव्हा वाटी काठोकाठ होती आणि वर हेच काळे बटण होते. त्यानंतर सूनबाईंनी स्वतःचे म्हणून एक अक्षर कोणाला वाचून दाखवले नाही. माई सांगत त्या उतरवत राहिल्या, आणि रोज सकाळी त्या बाईंच्या शेजारी बसून त्यांना धीर म्हणजे काय ते कळत गेले. वाक्य कुठे सोडावे. माणसाला बाकावर किती वेळ बसवून ठेवावे. सगळे माईंकडूनच शिकलेले, माईंवरच वापरलेले.

त्यांनी वाटीवर हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. मुलगा बघत होता. लेक मान हलवत होती, नको, नको. ते बटण पडले तेव्हा त्याचा आवाज फारसा झाला नाही.

माईंच्या चेहऱ्यावरचे काहीतरी खाली उतरल्यासारखे झाले. त्या खुर्चीत मागे टेकल्या. लेकीला पहिल्यांदाच जाणवले की आपली आई म्हातारी आहे.

"चोर घरातून नेतो," त्या म्हणाल्या. "तू आणून ठेवत होतीस. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण चोरीच आहे ती. मला माझ्याच घरात परकं केलंस तू. लोक माझ्या पाया पडले, माझ्या पुस्तकांवर रडले, आणि मी ती पुस्तकं वाचलेलीच नाहीत."

सूनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्याचा आवाज नसल्यामुळे ते माईंना कळत नव्हते. टिकलीने सांगितले, "आजी, आई रडतेय."

"रडू दे. का केलंस ते सांग. आता बटणानं भागायचं नाही. एक वाक्य बोल. डॉक्टरांचं मी बघून घेईन."

सूनबाई वाकल्या. आवाज फाटलेल्या कागदासारखा आला.

"माई, तुम्ही सांगायच्या, तेव्हा माझा हात पुढच्या शब्दाला तुमच्याआधी पोचायला लागला होता. मग वाचकही पोचलाच असता की."

घरात आधीही बरेच काही फुटले होते. दुकान गेले, यजमान गेले, दृष्टी गेली. माई त्या कशालाच अशा गप्प झाल्या नव्हत्या. कारागिरांची मशीने त्यांना ऐकू येत होती. आणि त्यांना हे दिसत होते की ती केव्हाच सुरू झाली होती, कोपऱ्यात, एकामागून एक, आणि या मुलीने दारे लावून घेऊन तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचू दिला नव्हता.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

*

संपादक नेहमीप्रमाणे बोलतच आत आले. छपाईची तारीख ठरली होती, मुखपृष्ठ तयार होते, माईंचे नाव या वेळी उठावदार अक्षरात, बोटांना लागेल असे, मुद्दाम माईंसाठी. त्यांनी मुखपृष्ठाचा नमुना पुढे केला. तो कोणी घेतला नाही. त्यांनी लेकीकडे पाहिले, तिने खिडकीकडे पाहिले. टिकलीने कागद छातीशी धरले होते.

लेकीने हलक्या आवाजात सुरुवात केली की प्रुफे तयारच आहेत, एवढेच की आज माईंना जरा बरे वाटत नाही.

"मला उत्तम वाटतंय," माई म्हणाल्या. "प्रुफं मिळणार नाहीत."

संपादकांनी विचारले की काही राहिले आहे का.

"वाचन राहिलंय."

"शेवटच्या प्रकरणाचं?"

"पहिल्यापासून. हे पुस्तक मी ऐकलेलं नाही. आणि हे झालं की मागची तीन. ती पण ऐकायचीत. ही बोलायला लागली की स्वतः वाचेल." माईंनी हात लांब केला, तो अंदाजाने सूनबाईंच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला, प्रेमाने की पकडून ठेवायला हे बघणाऱ्याला सांगता आले नसते. "मुखपृष्ठ थांबवा."

संपादक हसले. "का, नाव बदलायचंय की काय?"

त्यांच्याबरोबर कोणी हसले नाही. त्यांचे हसू थोडा वेळ एकटेच खोलीत उभे राहिले आणि मग गेले. त्यांनी सूनबाईंकडे पाहिले, टिकलीच्या हातातल्या प्रुफांवरच्या निळ्या दुरुस्त्यांकडे पाहिले, आणि हळूहळू खाली बसले.

"ते वाटी ठरवील," माई म्हणाल्या.

लेक म्हणाली, "माई, लोक काय म्हणतील याचा विचार कर. तुझं उभं आयुष्य आहे त्यात."

"आयुष्य दुकानात गेलं माझं. तिथं कपडा बसला नाही तर उसवायचा, एवढं मला येतं. तुझं पुस्तकही उसव. माल चांगला आहे, नाव चुकीचं शिवलंयस." मग त्या मुलाकडे, म्हणजे तो जिथे असेल असे त्यांना वाटले तिकडे, वळल्या. "आणि मला बटणं दे."

कोणाला समजले नाही.

"बटणं दे म्हणते ना. लेखकाच्या हातात बटण नसतं. आज मी ऐकणारी आहे."

मुलाने वाटी उचलली, त्यातली बटणे दोन्ही हातांनी गोळा केली आणि आईच्या पदरात ओतली. माईंनी ती चाचपली. बोटांना भोके लागली, कडा लागल्या; कोणते कशाचे ते त्यांना अजूनही न बघता सांगता आले असते. रिकामी वाटी त्यांनी स्वतःपुढे ओढून घेतली आणि पाठ ताठ केली.

"टिकले. तेच प्रकरण. पहिल्या वाक्यापासून. आणि कुणाच्याही लिखाणाची तू कीव करायची नाहीस, आईच्याही."

सूनबाई त्यांच्या पायांशी जमिनीवरच बसल्या होत्या. त्यांना जुनी, काठोकाठ भरलेली वाटी दिसत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

टिकलीने वाचले, "भाऊ दुकानात शिरला तेव्हा ती कुणाच्यातरी अगदी साध्या कुलपाची चावी घासत होती."

टण्.

टिकली थांबली नाही. तिने पेन्सिल लावली आणि पुढे गेली. पण माईंनी, आयुष्यात प्रथमच, स्वतःचा नियम मोडून वाचन अडवले.

"'अगदी' कशाला?" त्या म्हणाल्या. "साधं कुलूप साधंच असतं. काढ."

सूनबाईंनी डोळे उघडले. त्या ऐकत राहिल्या, अजून एक पडेल म्हणून. माईंचा हात वाटीवर होता, मुठीत बटणे होती, आणि भाऊ बाकावर बसला, दुसरे गिऱ्हाईक आले, गेले, कानस चालत राहिली, तरी ती मूठ मिटलेलीच होती. तेव्हा कुठे सूनबाईंनी टिकलीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तो शब्द खोडला.